तालमीला जागा हवी

नवी मुंबईतल्या वाशीच्या नाट्यगृहाला विष्णुदास भाव्यांचं नाव आहे. नाव शोभून दिसतं, पण भाव्यांनी नाटक कसं उभं केलं ते आठवलं तर त्या नावाबरोबर शहरावर एक जबाबदारीही येते. १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ झालं ते तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाखाली. भाव्यांना नट जमवता आले, त्यांना शिकवता आलं, एकत्र ठेवता आलं. सूत्रधार पदं गायचा आणि त्या पदांच्या आधाराने नट आपलं भाषण आयत्या वेळी रचायचे. पाठ करायला बांधीव संवाद नव्हते. हाताशी होती ती एकमेकांबरोबर राहून आलेली जाण. गाणं, नाच, सोंग, भाषण सगळं त्या एका मंडळीत होतं. आज ‘आंतरशाखीय सादरीकरण’ म्हणून ज्याची चर्चा होते, ते मराठी नाटकाच्या जन्मापासूनच त्याच्या अंगात आहे.

तरीही नवी मुंबईत अशी एखादी मंडळी वर्षानुवर्षं टिकून काम करताना सहज दिसत नाही. गुणवान मुलं कमी आहेत असं कुणी म्हणू नये. एकांकिका स्पर्धांच्या मोसमात ऐरोलीपासून पनवेलपर्यंत मुलं रात्ररात्र जागतात. स्पर्धा संपते, करंडक मिळतो किंवा हुकतो, आणि गट फुटतो. कुणी मालिकेत जातं, कुणी नोकरीला लागतं. पुढच्या वर्षी पुन्हा नवी माणसं, पुन्हा ओळखीपासून सुरुवात. स्पर्धेने नट घडतात यात शंका नाही, पण समूह घडायला स्पर्धेची मुदत पुरत नाही.

समूह घडतो म्हणजे काय होतं, हे ‘घाशीराम कोतवाल’ने दाखवलं. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्यमंदिरात तेंडुलकरांचं हे नाटक पहिल्यांदा झालं. रंगमंचावर ब्राह्मणांची एक रांग. ती प्रेक्षकांकडे तोंड करून डोलते, गाते, नाचते. पाठ फिरवली की तिचीच भिंत होते. भिंत दुभंगते आणि मागचा नाना फडणवीसांचा विलास दिसतो. पुन्हा मिटते आणि पुणं सोवळं होतं. नेपथ्याचं काम माणसांनी केलं, आणि त्या नेपथ्यातच नाटकाचा अर्थ होता: शहर सगळं पाहतं आणि सगळं झाकतं. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना एकमेकांत इतकी विरघळली होती की कुणाचं काम कुठे संपतं ते सांगता येऊ नये. रांगेतला एक जण अर्धी मात्रा उशिरा वळला तर भिंतीला भोक पडतं. ती अर्धी मात्रा सांभाळणं एखाद्या हुशार नटाच्या एकट्याच्या हातात नसतं. सगळ्यांचा श्वास एका लयीत यावा लागतो, आणि त्याला तास मोजून द्यावे लागतात.

एकोणीस प्रयोगांनंतर ‘घाशीराम’ सादर करणाऱ्या मूळ संस्थेने नाटक थांबवलं. मंडळी बाहेर पडली आणि मार्च १९७३मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन झाली. १९८० साली हे नाटक युरोपचा दौरा करून आलं. हे सगळं करणारे लोक पोटापाण्याला दुसरं काहीतरी करत होते. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, सतीश आळेकर जीवरसायनशास्त्रातले. म्हणून ‘नोकरी सांभाळून असलं काम होत नाही’ हा युक्तिवाद मला पटत नाही. नोकरी सांभाळून होतं. संध्याकाळी जमायला ठरलेली जागा नसेल तर मात्र होत नाही.

मुंबईला ती जागा एका शाळेने दिली. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी १९७१मध्ये ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था सुरू केली आणि १९७४पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग होऊ लागले. सोयीच्या नावाने आनंद होता. पण भाडं परवडत होतं, प्रेक्षक हाताच्या अंतरावर बसत होता आणि फसलेला प्रयोग कुणाला कर्जात बुडवत नव्हता. शाळेच्या त्या सभागृहाचं नाव एका चळवळीला मिळालं. पुढे ‘आविष्कार’चं काम चाललं तेही माहीमच्या महापालिका शाळेत. जागा मोठीही लागत नाही. पोलंडमध्ये ओपोल्यात दिग्दर्शक ग्रोटोव्हस्कीने १९५९ साली काम सुरू केलं त्या रंगगृहाचं नावच ‘तेरा रांगांचं’ होतं. जगाच्या रंगभूमीला धक्का द्यायला तेरा रांगा पुरल्या.

जागा मिळाली नाही तर माणसं जातात. वीणापाणी चावला यांनी ‘आदिशक्ती’ १९८१ साली मुंबईत सुरू केली. केरळच्या कूडियाट्टम नाट्याचा श्वास, कळरीपयट्टू या युद्धकलेची चपळाई, मिळावू या वाद्याचा ताल यांतून नटाचं शरीर नव्याने घडवायचं, हे त्यांचं काम. १९९३मध्ये संस्था पुदुच्चेरीला गेली. तिथे तिने राहायची, शिकायची, तालमींची जागा उभारली आणि देशभरातले नट आज तिथे शिकायला जातात. अशा कामाला मुंबईत पैस मिळणं कठीण होतं हे समजण्यासारखं आहे. पण खाडीपलीकडे त्याच काळात एक अख्खं शहर कागदावरून जमिनीवर उतरत होतं.

ते शहर उभारणारी सिडको १९७०ची. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी या शहराची कल्पना मांडली तेव्हा मोकळ्या जागेचा विचार त्यात होता. कोरियांनी बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज रचलं. सात घरं आणि त्यांच्यामध्ये साधारण आठ मीटर लांबरुंद अंगण. अशा तीन पुंजक्यांना मिळून बारा मीटरचं मोठं अंगण. नाटकवाल्याने ही मापं एकदा वाचावीत. आठ बाय आठ म्हणजे वीस जणांच्या समूहाला मनसोक्त हलता येईल एवढी जागा, आणि भोवती प्रेक्षक आपोआप बसतो.

शिवाय या शहराकडे स्वतःचं असं काय नाही? ज्यांच्या जमिनींवर ते उभं राहिलं त्या आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण धवले गाऊन विधी पार पाडते. हळदीपासून पुढचं सगळं तिच्या गळ्यावर चालतं. गाणं, कर्मकांड आणि कथा एकाच बाईच्या ताब्यात असतात. एपीएमसी बाजारात ओझी वाहणारे माथाडी कामगार साताऱ्या-सांगलीकडून भजन-भारूड घेऊन आले. जमिनीसाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर १९८४ साली जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण मेले, ती आठवण उरण-पनवेलच्या गावांत अजून ताजी आहे. हे सगळं एका मंचावर आणायचं तर गाणारे, नाचणारे, लिहिणारे, चित्र काढणारे आणि गावातली माणसं यांनी दीड-दोन वर्षं एका खोलीत घाम गाळायला हवा. २०१२मध्ये जालन्याच्या जांब समर्थ गावच्या शेतकरी नटांना घेऊन ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आलं, अतुल पेठ्यांनी पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांसह ‘सत्यशोधक’ केलं. मंडळी कुठूनही उभी राहते, तिला वेळ द्यायला कुणीतरी तयार लागतं.

आज इथल्या गटांच्या तालमी सोसायटीच्या हॉलमध्ये होतात. वाढदिवस आला की हॉल जातो, ढोलकी वाजली की तक्रार येते. भाव्यांच्या नावाचं नाट्यगृह प्रयोगासाठी उत्तम आहे, पण तिथल्या भाड्यात कुणी सहा महिने तालीम करू शकत नाही, आणि साठ प्रेक्षकांचं नाटक त्या खुर्च्यांत हरवून जातं.

नवी मुंबई महापालिकेकडे शाळा आहेत आणि संध्याकाळी सातनंतर त्यांचे वर्ग, सभागृहं रिकामी असतात. प्रत्येक नोडमधली, म्हणजे शहराच्या प्रत्येक विभागातली, एक शाळा निवडावी. नाममात्र भाड्याने, निदान वर्षभराच्या कराराने, संध्याकाळी सात ते दहा ती नाटकाच्या गटांना द्यावी. बदल्यात गटाने त्या शाळेतल्या मुलांबरोबर आठवड्यातून एकदा काम करावं. यासाठी नवं बांधकाम लागणार नाही. रखवालदाराचा जादा भत्ता आणि विजेचं बिल, एवढाच खर्च येईल. येत्या अंदाजपत्रकात महापालिकेने तेवढी तरतूद करावी आणि शहरातल्या नाट्यसंस्थांनी, आपसातले हेवेदावे बाजूला ठेवून, ती एकत्र मागावी.