यजमानावाचून पाहुणा

प्रवासाची साधने बदलली म्हणजे प्रवाशाचे कर्तव्यही बदलते काय, हा प्रश्न वरकरणी रिकामपणाचा वाटेल. परंतु आपल्या पश्चिम किनाऱ्यावर अलीकडे जे एक नवे वाहन दिसू लागले आहे, त्याने तो खरोखरच उपस्थित केला आहे. कॅम्परव्हॅन म्हणजे मोटार आणि बिऱ्हाड यांचा संकर. आत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, क्वचित न्हाणीघरसुद्धा. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा वाहनांसाठी स्वतंत्र पर्यटन धोरणच जाहीर केले. आमच्या इंदूरसारख्या, समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या शहरातला एखादा गृहस्थ आज आग्रा-मुंबई रस्त्याने निघून, कोणाला न कळवता, एकटा कोकणात उतरू शकतो. बागमांडल्याला फेरीबोटीवर गाडी चढवून त्याने बाणकोटची खाडी ओलांडावी, दाभोळला वाशिष्ठी, तवसाळला शास्त्री. मालवण आणि वेंगुर्ले मागे टाकून तेरेखोलपलीकडे गोव्यात शिरावे. आणि रोज रात्री जिथे लाटांचा आवाज गोड वाटेल तिथे गाडी उभी करून झोपावे. या साऱ्या वाटेवर त्याला कोणाच्याही दारावर थाप मारावी लागत नाही. ज्याला कोणाचीच गरज नाही, तो कोणाचे काही देणे लागतो काय?

जुन्या प्रवाशाला हा प्रश्न सुचलाच नसता. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली कोकणातून निघून माळव्यातून पुढे झाशीपर्यंत गेले. त्यांचा हा वृत्तांत १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध झाला. आपल्या गृहस्थाच्या वाटेची ती उलटी वाट होय. विष्णुभटांजवळ ना वाहन होते, ना पैसा. किंबहुना पैसा नव्हता म्हणूनच ते घराबाहेर पडले होते. कोणीतरी ओसरी दिली तर झोप, कोणीतरी शिधा दिला तर जेवण. अशा प्रवाशाला नम्रता शिकवावी लागत नाही. ती गरजच शिकवते. आणि गरज जशी प्रवाशाला नम्र करते, तशी ती समाजाला उदार व्हायला लावते. १७६७ ते १७९५ पर्यंत होळकरांचे राज्य सांभाळताना अहल्याबाईंनी देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, त्या बहुतांशी अशा लोकांसाठी की जे त्यांचे प्रजाजन नव्हते आणि ज्यांची तोंडेही त्यांना कधी दिसणार नव्हती. वाटसरूची अडचण ही त्या काळी धर्माची संधी मानली जात होती.

आपल्या भाषांनीही हे नाते जपून ठेवले आहे. मराठीत ‘पाहुणा’ म्हणजे घरी आलेला कोणीही. पण लग्नाच्या बोलणीत व्याहीमंडळीही ‘पाहुणे’च असतात. मराठीत ‘सोयरा’ हा लग्नसंबंधाने जोडलेला नातलग, तर कोकणीत ‘सोयरो’ म्हणजे नातलगही आणि घरी आलेला पाहुणाही. भाषा जणू सांगते की, जो उंबरठा ओलांडून आत आला तो काही काळापुरता तरी आप्त झाला. कायद्याची भाषा रुक्ष असली तरी वेगळे सांगत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात ‘लायसन्स’ नावाची एक कल्पना आहे: दुसऱ्याच्या जागेत त्याच्या अनुज्ञेने वावरण्याचा हक्क. या हक्काने जागेवर मालकी येत नाही, आणि सामान्यतः देणारा तो परतही घेऊ शकतो. पाहुण्याची स्थिती हीच असते. म्हणूनच पाहुणा पाय पुसून आत येतो. चाकांवर घर घेऊन फिरणाऱ्याला मात्र लायसन्स देणारा कोणी नाही, म्हणून ते परत घेणाराही नाही. आणि आभार मानावेत असाही कोणी उरलेला नाही.

इथवर आल्यावर, जुने ते सोने असा निष्कर्ष काढून मोकळे होण्याचा मोह पडतो. पण तो निष्कर्ष मला खोटा वाटतो, आणि तो का खोटा आहे हे सांगायला इंदूरपासून फार दूर जावे लागत नाही. शेजारच्या महू येथे १८९१ साली जन्मलेल्या भीमराव आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत १९०१ सालचा एक प्रवास सांगितला आहे. साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली ती मुले मसूर स्टेशनवर उतरली. चांगल्या कपड्यांतली मुले पाहून स्टेशनमास्तरांनी आस्थेने चौकशी केली. पण जात कळताच त्यांचा चेहरा पालटला. गाडीवाले त्यांना नेईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन, मुलांनी स्वतः बैल हाकायचे आणि गाडीवानाने बरोबर चालायचे, अशा ठरावावर बैलगाडी मिळाली. बरोबर जेवण होते. पाणी मात्र वाटेत मिळाले नाही, म्हणून जेवताही आले नाही. पुढे १९१७ साली, परदेशी विद्या घेऊन बडोद्यास नोकरीसाठी गेलेल्या त्याच गृहस्थांना पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले.

ज्या दारांचे आपण एवढे कौतुक केले, त्या दारांची ही दुसरी बाजू होय. ‘या, बसा’ म्हणण्याआधी ते दार विचारीत असे: ‘आपण कोण?’ उत्तर पटले तर ओसरी, न पटले तर अंधार. ज्याला उत्तर देण्याची भीती नव्हती, त्यालाच आतिथ्याचा गोडवा चाखता आला. आजही एकटी स्त्री परगावी खोली मागायला गेली की तिच्याकडे ज्या नजरेने पाहिले जाते, ती त्याच प्रश्नाची धाकटी बहीण आहे. अशा स्त्रीला आपले दार, आपली कडी आणि आपले पाणी बरोबर नेता आले, तर तिने गमावले काहीच नाही. उलट अवमानापासून ती सुटली. यंत्राने माणसाला एकटे पाडले अशी तक्रार करताना, त्याच यंत्राने कित्येकांना मेहेरबानीतून सोडवले हेही मान्य केले पाहिजे.

तेव्हा स्वयंपूर्ण प्रवास हा हक्काचा प्रवास आहे, याविषयी शंका नको. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने भारतभर मुक्तपणे संचार करण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक नागरिकाला दिले आहे. १५ व्या अनुच्छेदाने उपाहारगृहे, विहिरी, तलाव, घाट आणि रस्ते यांच्या बाबतीत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून अडवणूक करण्यास मनाई केली आहे. समुद्र आणि त्याचा किनारा सर्वांचा, हे तत्त्व तर जस्टिनियनच्या रोमन कायद्याइतके जुने आहे. पोर्तुगीजांनी गोव्यात बसून हिंदी महासागरावर मक्ता सांगितला आणि ‘कार्ताझ’ नावाच्या परवान्यावाचून जहाजे अडवली, तेव्हा त्या मक्त्याविरुद्ध ग्रोशियसने १६०९ साली समुद्राच्या मुक्ततेवर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ साली एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात सांगितले की, अशा नैसर्गिक संपत्तीचे सरकार हे केवळ विश्वस्त असून जनता लाभधारक आहे. तो खटला होता बियास नदीचा प्रवाह वळवू पाहणाऱ्या एका प्रवासी-निवासाविषयी. प्रवाशांची सोय म्हणून नदीच हलवली गेली, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे.

परंतु ‘सर्वांचे’ म्हणजे ‘कोणाचेच नाही’ असे नव्हे. येथेच तर्काची पायरी निसटते. मला हक्क आहे, म्हणून मी कोणाचा ऋणी नाही, हे अनुमान चुकीचे होय. हक्क एवढेच सांगतो की मला कोणी अडवू नये. मी तेथून काय घेतले, हे तो सांगत नाही. आपला एकटा प्रवासी किनाऱ्यावर काहीच घेत नाही असे त्याला वाटते, कारण त्याने काही मागितलेले नसते. वस्तुतः ज्या वाळूवर त्याने गाडी उभी केली, तीच सकाळी रापण ओढणाऱ्यांची कामाची जागा असते. होड्या तेथूनच वर ओढल्या जातात, मासळी तेथेच सुकते. वेळासच्या किनाऱ्यावर २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखली जातात आणि पाहायला येणारे लोक गावकऱ्यांच्या घरीच उतरतात. अशा वाळूत चाक गेले तर घरटे चिरडते, आणि रात्री दिवा लावला तर अंड्यातून निघालेली पिल्ले समुद्राची दिशा चुकतात. प्रवाशाच्या मनात दुष्टावा नसतो. त्याला सांगणारा कोणी नसतो, एवढेच. यजमान नसला म्हणजे केवळ उपकारकर्ता नाहीसा होत नाही, जाणता माणूसही नाहीसा होतो.

तो नाहीसा झाला की त्याची जागा शिपाई घेतो. गोव्यात २०१९ साली कायद्यात दुरुस्ती करून पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक आणि मद्यपान यांना बंदी करण्यात आली आणि दंड ठरवण्यात आला. पूर्वी जे काम घरधन्याच्या एका कटाक्षाने होत असे, ते आता पावतीपुस्तकाने करावे लागते. वकिलीच्या धंद्यात राहून मला कायद्याविषयी अनादर वाटणे शक्य नाही; पण कायदा फार तर काय करू नये एवढेच सांगतो. ज्या रात्री किनाऱ्यावर शिपाई नाही, सोबती नाही, पाहणारा कोणी नाही, त्या रात्री एकट्या माणसाने कसे वागावे, हा प्रश्न कायद्याच्या हद्दीबाहेरचा आहे.

इमॅन्युएल कांटने १७९५ साली ‘शाश्वत शांतते’वरील आपल्या निबंधात एक उपयुक्त भेद केला. परक्या भूमीवर पोचलेल्या माणसाला शत्रूसारखी वागणूक न मिळण्याचा, म्हणजे भेटीचा, हक्क आहे. पण पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क नाही, त्यासाठी वेगळा स्नेहाचा करार लागतो. पृथ्वी गोल असल्यामुळे माणसे कायमची एकमेकांपासून दूर पसरू शकत नाहीत, हे त्याचे कारण. आपल्या परंपरेने हीच मर्यादा प्रवाशाच्या बाजूने घातली. परिव्राजकाने गावात एकच रात्र काढावी, पावसाळ्यात फिरू नये, हा दंडक कोणाच्या भीतीने नव्हे. दुसऱ्यावर भार होऊ नये आणि पायाखाली जीव मरू नये म्हणून होता. ज्याने सर्व पाश सोडले, त्यालाच सर्वांत कडक नियम, यात मला मोठे शहाणपण दिसते.

म्हणून माझे उत्तर असे. गरज संपली म्हणून विचारणे संपू नये. फक्त प्रश्नांची दिशा उलटली पाहिजे. ‘तू कोण?’ असे गावाने प्रवाशाला विचारण्याचा अधिकार आता कायम गेला आहे, आणि तो गेला हे चांगलेच झाले. पण ‘येथे गाडी उभी केली तर कोणाची अडचण होईल?’ असे प्रवाशाने गावाला विचारण्याचे कर्तव्य मात्र राहते. आणि ‘येथे नको, पलीकडे लावा’ असे मिळालेले उत्तर पाळण्याचेही. पहिल्या प्रश्नात माणसाची किंमत केली जाते, दुसऱ्यात जागेची कदर असते. जुन्या आतिथ्याने हे दोन्ही एकत्र बांधले होते, म्हणून ते काहींना अमृत आणि काहींना विष झाले. त्यांना वेगळे करणे, हे आपल्या पिढीचे काम आहे.

विष्णुभटांची नम्रता परिस्थितीने घडवली होती. तिचे श्रेय पूर्णतः त्यांना देता येत नाही. ज्याच्याजवळ बिछाना, पाणी आणि दिवा आहे, त्याने तरीही खाली उतरून जाळे विणणाऱ्याजवळ दोन शब्द बोलावेत, ही नम्रता मात्र सर्वस्वी त्याची स्वतःची असेल.