पिंजऱ्यातील अमानत

मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या स्त्रीची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी कथन केलेली ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. त्या मांजरीपायी ती स्त्री नरकाग्नीत गेली, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आणि तिचा अपराध नेमका कोणता, हेही स्पष्ट केले. तिने मांजरीला स्वतः खाऊ घातले नाही आणि जमिनीवरचे कीटक खाऊन जगावे म्हणून मोकळेही सोडले नाही. मांजर बाळगणे हा गुन्हा नव्हता. ज्या जिवाची वाट तिने बंद केली, त्याची भूक तिच्या माथी आली होती आणि ती तिने भागविली नाही.

आज आपल्या घरांत ससे, लव्हबर्ड, गिनीपिग आले आहेत. मुले हट्ट करतात, आपण आणून देतो. प्रश्न उभा राहतो तो घराला कुलूप लावताना. मे महिन्यात कोकणात गावी जायचे असते, उमऱ्याची तिकिटे आलेली असतात, कुणाच्या नशिबी हजचा सुमारे ४० दिवसांचा प्रवास येतो. मग कोणी वाटी काठोकाठ भरून दार ओढून घेतो. कोणी शेजाऱ्याकडे पिंजरा ठेवून "जरा लक्ष असू द्या" एवढेच बोलून निघतो. कोणी पैसे घेऊन प्राणी सांभाळणाऱ्याच्या हवाली करतो. पहिला मार्ग तर त्या स्त्रीचाच आहे. उरलेल्या दोन मार्गांत तो जीव अमानत बनतो आणि अमानती ज्यांच्या त्यांना पोहोचत्या करण्याचा आदेश कुरआनात सूरह अन्-निसाच्या ५८ व्या आयतीत आहे.

दागिना कपाटात ठेवला की अमानत सुरक्षित राहते, ससा मात्र तसा राहत नाही. त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते, त्यासाठी सुके गवत दिवसरात्र समोर हवे. अर्धा दिवस त्याने तोंड लावले नाही, तर वैद्यकीय मदत घ्यावी लागते. उन्हाळ्यात बंद गॅलरीतील उष्मा त्याचा जीव घेऊ शकतो. पक्ष्याला स्वयंपाकघरातील धूर सोसवत नाही. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याची वाफ त्याला मारून टाकते. शिवाय हे दुर्बळ जीव शिकाऱ्याच्या भयाने आजार लपवितात, म्हणून रोज त्यांचे खाणे व लेंड्या पाहाव्या लागतात. ही सारी माहिती सांभाळणाऱ्याला देणे आणि चारा, औषध, खर्च आगाऊ पोहोचविणे हे मालकाचे कर्तव्य आहे. (ससा हलाल आहे, जिबह करता येतो, परंतु उपाशी ठेवता येत नाही.)

इमाम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (रह.) (मृत्यू हिजरी ६६०) यांनी जनावरांचे मालकावरील हक्क मोजून दाखविले आहेत. जनावर म्हातारे वा आजारी होऊन निरुपयोगी ठरले तरी त्याचा खर्च चुकत नाही. तसेच त्याला इजा करील अशा जनावराबरोबर, मग ते त्याच्याच जातीचे का असेना, एकत्र ठेवू नये. सांभाळण्याचा व्यवसाय करणाऱ्यांनी हा दुसरा हक्क विशेष ध्यानात घ्यावा. कुत्र्या-मांजरांच्या शेजारी ठेवलेला ससा भयानेच खाणे सोडतो. अनोळखी दोन नर एका पिंजऱ्यात रक्तबंबाळ होतात. नर-मादी एकत्र ठेवली, तर साधारण ३१ दिवसांत पिल्ले होतात आणि हाजीसाहेबांच्या स्वागताला अर्धा डझन अमानती जादा निघतात!

आणि सर्व काळजी घेऊनही पक्षी मेला तर? हयगय झाली नसेल, तर अमानत सांभाळणाऱ्यावर भरपाई येत नाही. मात्र त्याच रंगाचा दुसरा पक्षी बाजारातून आणून गुपचूप पिंजऱ्यात ठेवणे ही उघड फसवणूक आहे, भले ती मुलाचे मन राखण्यासाठी असो. काही देते म्हणून मुलाला बोलावले आणि हातात काहीच दिले नाही, तर तेही असत्य म्हणून लिहिले जाईल, असे प्रेषितांनी (स.) एका मातेला बजावले होते, अबू दाऊदमध्ये ही हदीस आहे. तेव्हा मुलाला खरे सांगावे आणि त्याच्याजवळ बसावे. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याचा चिमुकला पक्षी मेला आणि तो उदास बसला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या बालकाला त्याच्या नावाने हाक मारून पक्ष्याची विचारपूस केली होती.