मणक्यांमधली टोपली

कमरेवर हात ठेवून उभे राहा. विठोबा उभा असतो तसे, फक्त अंगठे मागे घ्या. कमरेच्या हाडाची वरची कड हाताला लागेल. त्या उंचीवरून दोन्ही अंगठे पाठीवर आडवे सरकवत मध्यावर आणा. ते जिथे भेटतील तिथे, थोडं वर-खाली, कमरेचा चौथा मणका आहे. त्याच्या खाली पाचवा, शेवटचा. पाठीत भुलीची सुई द्यायची असते तेव्हा डॉक्टरही जागा अशीच चाचपतात.

बोटाला लागतंय ते मणक्याचं नुसतं मागचं टोक. भार पेलणारा गोलसर ठोकळा बराच आत, पोटाच्या बाजूला आहे. अशा दोन ठोकळ्यांमधल्या फटीत आज जायचं आहे.

आता सतरंजीवर उताणे पडा. गुडघे मोडा, पावलं जमिनीला टेकवा. एक परिच्छेद वाचावा, कागद छातीवर ठेवावा, डोळे मिटावेत, मग पुढचा. घाई करू नका. आपण जिच्याविषयी विचार करणार आहोत, त्या वस्तूचं काम पुरं व्हायलाही कित्येक महिने लागतात.

त्या फटीत गादी असते. बाहेरून चिवट कडी, आत ओलसर गर. तुम्ही आडवे झालात तशी ती हलकेच पाणी ओढून घेऊ लागली आहे. दिवसभर उभं राहून, बसून हेच पाणी पिळलं जातं, म्हणून सकाळी मोजलेली उंची संध्याकाळी एखाद्या सेंटिमीटरने कमी भरते. मोठ्या माणसाच्या गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसतातच. तिला जे मिळतं ते वरच्या-खालच्या हाडांतून झिरपून. वय वाढतं तशी ती सुकते, चपटी होते. आपल्याकडे अशा वेळी सर्रास म्हणतात, ‘मणक्यात गॅप आलाय.’ मला या शब्दाचं नेहमी नवल वाटतं, कारण एक्स-रेमध्ये दिसतं ते नेमकं उलटं. फट वाढलेली नसते, मिटत आलेली असते. आणि ती मिटली की बाजूच्या छोट्या कमानीतून पायाकडे निघालेली नस चेपू शकते. मग मुंग्या, मग पाय जड होणं.

बहुतेकांच्या कमरा शस्त्रक्रियेवाचून बऱ्या होतात, हे आधी मनाशी पक्कं करा. पण कुणाचा मणका पुढे सरकलेला असतो, कुणाचा प्रत्येक पावलाला डगमगतो. तिथे दोन मणक्यांचा एक करायचा ठरतं. म्हणजे एक सांधा जाणूनबुजून घालवायचा. इथे थोडं थांबा. गुडघे एकदा हळूच छातीकडे घ्या आणि परत ठेवा. कंबर किती ठिकाणी वाकली ते जाणवलं? त्यातल्या एका ठिकाणचं वाकणं कायमचं सोडून द्यायचं आहे.

डॉक्टरांनी झिजलेली गादी काढली आहे. फट रिकामी आहे, उंची जेमतेम बोटभर. तिथे तुम्ही काय ठेवाल?

पहिलं उत्तर बहुधा येतं: काहीतरी घट्ट. 1960 च्या दशकात स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम यांनी पोलादाच्या गोट्या ठेवून पाहिल्या. जोडण्यासाठी नव्हे, हालचाल टिकावी म्हणून. पण गोटी टेकते ती एवढ्याशा जागेवर. सगळा भार त्या ठिपक्यावर आला आणि पुष्कळ गोट्या हाडात रुतल्या. दुसरं उत्तर त्याहून जुनं: हाडासाठी हाडच. होनोलुलूचे राल्फ क्लोवर्ड 1940 च्या दशकापासून कमरेच्या फटीत हाडाचे तुकडे बसवत होते. हाड हाडाला चिकटतं खरं, पण चिकटेपर्यंतच्या महिन्यांत तो तुकडा दबतो, खचतो.

तिसरं उत्तर घोड्याच्या मानेत सापडलं, आणि मला ते फार आवडतं. काही शर्यतीच्या घोड्यांची मानेतली मज्जारज्जू दबते आणि ते झोकांड्या खात चालू लागतात. उपाय तोच, मणके जोडणं. पण घोड्याला ‘सहा आठवडे झोपून राहा’ सांगता येत नाही, पट्टा बांधता येत नाही. भूल उतरली की तो धडपडत उभा राहणार, आणि त्या क्षणापासून मानेला एवढं मोठं डोकं पेलायचं. त्यासाठी अमेरिकेतल्या स्पोकेन गावचे अस्थिशल्यविशारद जॉर्ज बॅगबी आणि त्यांच्याबरोबर काम करणारे पशुवैद्य यांनी 1970 च्या दशकात पोलादाची एक पोकळ, भोकाभोकांची नळी वापरली. दोन मणक्यांच्या मध्ये भोक पाडायचं, नळी त्या भोकापेक्षा किंचित जाड घ्यायची. ती आत गेली की मणके थोडे दूर सरतात, भोवतीचे बंध ताणले जातात आणि तेच बंध तिला आवळून धरतात. नळीच्या पोटात हाडाचा चुरा भरायचा. 1977 साली अमेरिकेतल्या तिन्ही मानाच्या शर्यती एकदाही न हरता जिंकलेल्या सिॲटल स्ल्यू या घोड्याच्या मानेवर म्हातारपणी, 2000 साली, मणके जोडण्याची शस्त्रक्रिया झाली. माणसांच्या कमरेसाठी याच कल्पनेवरची आटे पाडलेली टायटॅनियमची नळी अमेरिकेत 1996 मध्ये मंजूर झाली.

आज तिला ‘केज’ म्हणतात, पिंजरा. बॅगबींच्या नळीचं नाव मात्र टोपली असं होतं, आणि मला तेच पटतं. पिंजरा आतलं बाहेर जाऊ देत नाही. इथे आत ठेवलेल्याने वर-खाली बाहेर पडावं म्हणूनच सगळा खटाटोप आहे.

डोळे मिटून ती टोपली तळहातावर घ्या. चिंचोक्यापेक्षा मोठी, खजुराएवढी धरा. पुढचं तोंड निमुळतं, म्हणजे बंद होत आलेल्या फटीत शिरताना ती स्वतःच वाट उघडते. वर-खाली बारीक दाते. ते पुढे जाऊ देतात, मागे सरकू देत नाहीत. एका बाजूने उंची किंचित जास्त आहे, सुताराच्या पाचरीसारखी. उताणे पडलात तेव्हा कमरेखाली, सतरंजीपासून थोडी वर, एक कमान राहिली असेल. तिथे हात सरकवून पाहा. ती कमान मोडू नये म्हणून ही पाचर. मणके अगदी सपाट जोडले तर माणूस पुढे झुकतो आणि उभं राहण्यासाठी जन्मभर स्नायू शिणवत राहतो. काही अंशांचा कोन, पण त्यावर पुढचं सगळं चालणं अवलंबून असतं.

आता मधली पोकळी पाहा. ती मोठी केली तर हाडाला जागा जास्त, पण भिंती पातळ होतात आणि टेकायची जागा कमी पडते. भिंती जाड केल्या तर टोपली रुतत नाही, पण आत हाड पिकायला जागा उरत नाही. ही ओढाताण कुठल्याच आराखड्यात संपलेली नाही. मणक्याच्या पृष्ठावरचं हाड मध्यभागी नाजूक आणि काठाला बळकट असतं, म्हणून अलीकडच्या रुंद टोपल्या काठावर टेकतात. परातीचा भार काठावर घ्यावा तशा.

टोपली बसण्याआधीचं काम तर निव्वळ हाताचं आहे. मणक्याच्या पृष्ठावर कूर्चेचा थर असतो. तो ठेवला तर हाड जुळत नाही. फार खरवडला तर खालचं हाडाचं पातळ कवच फुटतं आणि टोपली आत धसते. नारळ खवताना खोबरं सगळं निघावं आणि करवंटी तडकू नये, तसं. फरक एवढाच, की इथे करवंटीवर रक्ताचे बारीक ठिपके उमटावे लागतात. त्या रक्ताबरोबरच हाड घडवणाऱ्या पेशी येतात.

आणि ती कशाची करायची? टायटॅनियमशी हाड सलगी करतं, हे स्वीडनमधल्या ब्रॉनेमार्क यांना 1952 च्या सुमारास सशाच्या पायात कळलं. आत बसवलेली टायटॅनियमची नळी पुन्हा काढता येईना. पण टायटॅनियमचा ताठपणा सुमारे 110 गिगापास्कल, बाहेरच्या घट्ट हाडाचा 20 च्या आत. ताठ वस्तू सगळा भार स्वतःकडे घेते. घरातल्या एका कर्त्या माणसाने सगळंच अंगावर घेतलं की बाकीचे हातपाय हलवायचं विसरतात, तसं आतलं हाड बिनकामाचं राहू शकतं. हाड भाराप्रमाणे घडतं, भार हटला की विरतं, हे जर्मनीच्या युलियस वोल्फ यांनी 1892 मध्ये मांडलं होतं. म्हणून ‘पीक’ नावाचं प्लास्टिक आलं. ताठपणा 3-4 गिगापास्कल, हाडाहूनही लवचीक. भार वाटून घेतं, पण हाड त्याच्याशी फारसं बोलत नाही. मध्ये तंतूंचा पडदा धरतो. आताची तोड म्हणजे थ्रीडी प्रिंटरवर टायटॅनियमची बारीक पूड थराथराने वितळवून केलेली जाळी. धातू तोच, पण स्पंजासारखा. दबणारा, आणि छिद्रांतून हाड शिरू देणारा. यंत्रातून निघालेली ती जाळी मणक्याच्या आतल्या जाळीशेजारी ठेवली की माणसाने नक्कल कुणाची केली ते दिसतं.

या जागी जास्त वेळ राहा. भार पेलायचा, पण सगळा नाही. जागा धरायची, पण अडवायची नाही. स्लॅबचं सेंट्रिंग सिमेंट धरल्यावर काढून नेतात. हिला काढत नाहीत. हाड धरल्यावर ती तिथेच राहते, काम नसलेली, हाडात बुडालेली.

पीकची टोपली एक्स-रेमध्ये दिसत नाही. म्हणून तिच्यात टँटॅलम धातूचे बारीक मणी घालतात. वर्षभराने डॉक्टर पडद्यावर दोन-तीन पांढरे ठिपके शोधतात, मग त्यांच्या मधोमध पाहतात. सुरुवातीला तिथे अंधार होता. आता वरच्या मणक्यापासून खालच्यापर्यंत एक धूसर, ढगासारखा पट्टा उतरलेला असतो, किंवा नसतो.

हात अजून कमरेखाली असेल तर काढून घ्या. उठताना सरळ उठू नका. आधी कुशीवर वळा, मग हाताचा रेटा घ्या.