शंभराने भागलेला आकडा

जॅमच्या बाटलीवर बारीक अक्षरांत संरक्षक म्हणून २०२ हा क्रमांक छापलेला असतो. तो पोटॅशियम सॉर्बेटचा. पावाला, चीजला, जॅमला बुरशी लागू नये म्हणून ते घालतात. रोज किती पोटात गेलं तर चालेल, याची मर्यादा युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली एकदम खाली आणली. शरीराच्या दर किलो वजनामागे २५ मिलिग्रॅम होती, ती ३ केली. सॉर्बेटने कुणाचं काही बिघडवल्याचं सिद्ध झालं नव्हतं. प्रजननावर त्याचा काय परिणाम होतो, हे सांगणारी पुरेशी माहितीच नव्हती. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. पोटातल्या बाळाला एखादा घास नाकारता येत नाही.

ती माहिती पुढे उंदरांवरच्या चाचणीतून आली. अशा चाचणीत नर-मादी एकत्र येण्याआधीपासून त्यांच्या खाद्यात तो पदार्थ असतो. मादी गाभण असताना असतो, पिलं अंगावर पीत असतानाही असतो. दूध तुटलं की पिलांच्या खाद्यात तोच. किती पिलं झाली, त्यांचं वजन किती, ती वयात कधी आली, नरांच्या शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कशी आहे, सगळं नोंदलं जातं. मग त्यांना मारतात आणि अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

सॉर्बेटच्या बाबतीत दर किलोमागे सुमारे १,१०० मिलिग्रॅमची मात्रा आधाराला धरली आणि तिला १०० ने भागलं. उंदीर आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी १०, माणसामाणसांतल्या फरकासाठी आणखी १०. २०१९ साली मर्यादा ११ मिलिग्रॅम ठरली. साठ किलोच्या बाईला दिवसाला ६६० मिलिग्रॅम.

गर्भार बाईच्या ताटाची हमी उंदरिणीच्या विणीवर उभी आहे, हे मनातून जात नाही. तरी ही चाचणी नकोच, असं मी म्हणू शकत नाही. आताच्या पद्धतीत पिलांची पुढची पिढी कारण दिसलं तरच वाढवतात, त्यामुळे जुन्या दोन पिढ्यांच्या चाचणीपेक्षा बरेच कमी जीव लागतात. ही सुधारणा खरी आहे. पण एकाने केलेला अभ्यास कपाटात बंद राहिला आणि तीच माहिती मिळवायला दुसऱ्याने पुन्हा पिंजरे भरले, तर त्या दुसऱ्या खेपेच्या उंदरांसाठी माझ्याकडे कसलंही समर्थन नाही.