उजेडाच्या आधी

मे महिन्याची अखेर. इंदापूरकडून, उजनीच्या फुगवट्यावरून वळवाचा ढग बारामतीच्या दिशेने चढत येतो आहे. माणसे-जनावरे रानातून आत आली असतील, तर तुम्हीही पक्क्या घरात, खिडकीपासून दूर बसा. श्वास त्याच्या गतीने चालू द्या.

वीज चमकली. आवाज येईपर्यंत मनात मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर.

आता त्या लखलखाटाच्या किंचित मागे जा. वीज टप्प्याटप्प्याने खाली उतरत असते, तेव्हाच तिच्या टोकाशी काही इलेक्ट्रॉन अफाट वेग घेतात आणि हवेतल्या अणूंपाशी वळताना क्ष-किरण सोडतात. डोळे दिपवणारा झोत त्यानंतरचा. इथे थांबा, कारण मला यातले हेच सर्वांत विलक्षण वाटते: आपण पाहतो तोवर ते घडून गेलेले असते.

ढगातले विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनला असे पळवू शकेल, हे सी. टी. आर. विल्सन यांनी १९२५ साली मांडले. वादळांतून वर झेपावणारे गॅमा किरण उपग्रहाने टिपल्याचे १९९४ साली प्रसिद्ध झाले. एकेक झोत मिलिसेकंदभराचा.

हे किरण खाली आपल्या काळ्या रानापर्यंत क्वचितच पोचतात. काहीशे मीटर दाट हवा त्यांतले बरेचसे शोषून घेते. म्हणून मोजणारे डोंगरावर गेले. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी गुलमर्गला विजेसोबत येणारे न्यूट्रॉन नोंदवल्याचे १९८५ साली प्रसिद्ध झाले.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उटीला वेगळी वाट धरली. ती समजून घ्यायला तळहात उघडून मांडीवर ठेवा. अवकाशातून आलेल्या किरणांमुळे हवेत जन्मलेले म्यूऑन, सेकंदाला एक-दोन, आत्ताही त्यातून आरपार जात आहेत. काही जाणवत नाही. हात तसाच राहू द्या. १ डिसेंबर २०१४ रोजी उटीवर वादळ आले आणि तिथल्या ग्रेप्स-३ प्रयोगात म्यूऑनांची मोजदाद सुमारे २ टक्क्यांनी घटली. १८ मिनिटे हा प्रकार चालला. त्या घटीवरून ढगातला विद्युतदाब निघाला १.३ अब्ज व्होल्ट, आधीच्या मोजमापांच्या दहापट. एवढ्या दाबाखाली गॅमा किरण निर्माण झाले तर नवल नाही.

शंभरातले दोन कमी झाले, हे तुमच्या हाताला कधीच कळणार नाही. उटीला ते कळायला ५६० चौरस मीटरांचा तळहात लागला.