वल्ली म्हणजे वेल नव्हे!

उभा राहा. तूच लिहिलेलं वाक्य वर्गाला मोठ्यानं वाचून दाखव. ‘वल्ली म्हणजे वेल. वेल वेडीवाकडी वाढते, तसा वेडावाकडा माणूस म्हणजे वल्ली.’ वा! मागच्या बाकावरच्यांनी हसू नये. तुमच्याही वह्यांत हेच आहे, फक्त अक्षर वेगळं.

संस्कृतात वल्ली म्हणजे वेल, हे खरं. तैत्तिरीय उपनिषदाच्या प्रकरणांनाही वल्लीच म्हणतात: शिक्षावल्ली, ब्रह्मानंदवल्ली, भृगुवल्ली. पण कानाला सारखे लागले म्हणून दोन शब्दांचं गोत्र एक होत नाही. माणसाला लावतो ती वल्ली अरबीतल्या ‘वली’वरून आली. वली म्हणजे निकटचा, सखा, पाठीराखा. ईश्वराच्या निकटचा म्हणून संतपुरुष. त्याचं अरबी अनेकवचन ‘औलिया’. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीनांच्या नावापुढे लागतं, तेच हे. मराठीत त्याचा अवलिया झाला, आणि आपण एकट्यादुकट्यालाही बेधडक अवलिया म्हणू लागलो. ‘त्याला कोणी वाली नाही’ म्हणता ना? तो वालीही याच घरचा, किष्किंधेचा नव्हे!

मग साधूचा विचित्र माणूस कसा झाला? चालवा की जरा डोकं! ज्याला कपड्यांची फिकीर नाही, जेवणाखाण्याची शुद्ध नाही, पाटलाशी आणि भिकाऱ्याशी जो एकाच सुरात बोलतो, तो संसारी माणसाला चक्रमच वाटणार. शब्दातली भक्ती ओसरली, तऱ्हा उरली. जिव्हाळा मात्र गेला नाही. म्हणून वल्ली म्हणताना आपण गालात हसतो, हिणवत नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातली माणसं तुम्हाला तोंडपाठ, आणि मुखपृष्ठावरचा शब्द कुठून आला हे विचारावंसं एकालाही वाटलं नाही?

शिवाय शेजारच्या ज्या आजोबांवर निबंध लिहिलास, ते पहिल्या ओळीत वल्ली, तिसरीत विक्षिप्त आणि पाचवीत तऱ्हेवाईक! शब्द म्हणजे काय लाह्या आहेत, मूठ भरून उधळायला? विक्षिप्तमध्ये ‘क्षिप्’ धातू आहे, फेकणे. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. तिथलं विक्षिप्त चित्त अधूनमधून स्थिर होतं, पण टिकत नाही. तऱ्हेवाईकमधली तऱ्हा अरबी ‘तरह’वरून फारसीवाटे आली, ती वागण्याची रीत सांगते, मनाच्या आत डोकावत नाही. एक शब्द मनावर बोट ठेवतो, दुसरा वागण्यावर, तिसऱ्यात अजून थोडा आदर शिल्लक आहे. तुला यातलं काय म्हणायचं होतं? काहीच नाही. आजोबांकडे नीट पाहायचा कंटाळा आला, म्हणून विशेषणं चिकटवलीस.

शब्द ठाऊक नसणं हा गुन्हा नाही. ठाऊक नसताना मनानं अर्थ रचून तो ठणकावून लिहिणं, हा उद्धटपणा आहे. ग्रंथालयात दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, माधव जूलियनांचा १९२५चा फार्शी-मराठी कोश आहे. दोन्हींवरची धूळ तुमच्याच हातांनी झटकली जाईल, आजच.

आणि तू, तिन्ही शब्द खोड. आजोबा करतात काय, बोलतात काय, एवढंच लिहून आण. ते वाचून वर्ग त्यांना काय म्हणायचं ते ठरवील.