एकटा आणि सुटा



अमेरिकेच्या पश्चिमेकडील नेवाडा राज्यातून ५० क्रमांकाचा महामार्ग जातो. त्याला ‘अमेरिकेतील सर्वांत एकाकी रस्ता’ असे म्हणतात. १९८६ साली ‘लाइफ’ मासिकाने त्याला हे नाव दिले आणि ते काही कौतुकाने दिलेले नव्हते. येथे पाहण्यासारखे काही नाही, तग धरण्याची खात्री असेल तरच या वाटेला जा, असा त्या मजकुराचा सूर होता. फर्न्ली ते ईली हे अंतर सुमारे ४६० किलोमीटर. मधे फॅलन, ऑस्टिन आणि युरेका ही लहान गावे. बाकी एक डोंगररांग चढायची, उतरायची, पुढे ओसाड सपाट खोरे, त्याच्यापलीकडे पुन्हा डोंगररांग. पुढे नेवाडाच्या पर्यटन खात्याने या टीकेचीच जाहिरात केली. प्रवाशांसाठी पुस्तिका काढली आणि गावोगावी तिच्यावर शिक्के मारून देण्याची सोय केली. आता त्या रस्त्याने लोक मुद्दाम जातात आणि त्यांतले कित्येक एकटे जातात. जे उणे म्हणून सांगितले होते, तेच हवेसे वाटू लागले.

आपल्या पत्रकात अमेरिकेतल्या रस्त्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण आपल्या धर्मग्रामातली किती मुले आज परदेशात आहेत, हे आपण जाणता. मध्यंतरी एका आईने मला विचारले, “फादर, माझ्या मुलाला दहा दिवसांची रजा मिळाली. घरी आला नाही. गाडी घेऊन एकटाच त्या युटामधल्या डोंगरांत फिरत बसला. एकट्याने फिरण्यात त्याला काय मिळते? हा स्वार्थ नाही का?” प्रश्न रागाचा नव्हता, दुखावलेल्या मनाचा होता. म्हणून त्याचे उत्तर घाईने देऊ नये असे मला वाटले. आज त्यावर थोडा विचार करू.

आधी मुलाची बाजू घेऊ. पवित्र शास्त्रात देव माणसाला पुष्कळदा एकट्याला गाठतो. मोशे मेंढरे घेऊन अरण्यापलीकडे गेला, तेव्हा त्याला जळते झुडूप दिसले. एलियाला देवाची चाहूल वाऱ्यात, भूकंपात किंवा अग्नीत लागली नाही, नंतरच्या शांततेत लागली. आपला प्रभू कार्याला लागण्यापूर्वी चाळीस दिवस अरण्यात राहिला आणि नंतरही गर्दी सोडून पहाटे एकांतात प्रार्थनेला जात असे. एकटे जाणे हे मुळातच स्वार्थाचे असते, तर आपल्या प्रभूने ते केले नसते.

शिवाय त्या प्रदेशात माणसाला स्वतःचे खरे माप कळते. ग्रँड कॅनियनच्या तळाशी जो काळा खडक आहे, त्याला भूगर्भशास्त्रज्ञ ‘विष्णू शिस्ट’ म्हणतात. त्याचे वय सुमारे १७० कोटी वर्षे आहे. अशा खडकासमोर माणूस एकटा उभा राहिला, की त्याचा हुद्दा, पगार आणि शेजाऱ्याशी असलेली चढाओढ यांना काही अर्थ उरत नाही. तिथे कोणावर छाप पाडायची नसते. चारचौघांत आपण सतत कोणाचे तरी कोणी असतो, कोणाला तरी काही दाखवत असतो. ते थोडा वेळ थांबले, तर आत काय आहे ते ऐकू येते. आता माणसे डोंगर, समुद्र आणि तारे पाहून थक्क होतात पण स्वतःच्या अंतःकरणाकडे पाहायला विसरतात, अशी खंत संत ऑगस्टीन यांनी व्यक्त केली आहे हे खरे. तरीही डोंगर पाहता पाहता अंतःकरणाकडे वळलेले लोकही काही कमी नाहीत.

आता आईची बाजू. चौथ्या शतकातील संत बेसिल स्वतः काही काळ एकांतात राहिले होते. पण संन्याशांसाठी नियम लिहिताना त्यांनी एक अवघड प्रश्न विचारला. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. तू एकटाच राहिलास तर कोणाचे पाय धुणार? सेवा, क्षमा, सहनशीलता हे गुण दुसऱ्या माणसाशिवाय अंगी येत नाहीत. डोंगर आपल्यावर चिडत नाही, आपली चूक काढत नाही, आजारी पडून आपल्याला रात्री जागवत नाही. डोंगरावर प्रेम करणे म्हणूनच सोपे असते. संत थॉमस अॅक्वायनस यांनी हा प्रश्न अधिक बारकाईने सोडवला आहे. त्यांच्या मते एकांत हे ध्येय नाही, साधन आहे. आणि ते साधन, समाजात राहून ज्याचे मन आधी घडले आहे, त्याच्याच हाती शोभते.

आपल्या मराठीत दोन शब्द आहेत, ‘एकटा’ आणि ‘सुटा’. एकटा म्हणजे ज्याच्यासोबत या क्षणी कोणी नाही तो. सुटा म्हणजे ज्याची कोणाशी गाठच नाही तो. मोळीतले लाकूड वेगळे काढून चुलीत घातले तरी ते त्या मोळीचेच, पण मोळीची दोरीच तुटली तर सगळी लाकडे सुटी होतात. मला वाटते, त्या आईच्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. आपला मुलगा एकटा गेला याचे तिला दुःख नव्हते. तो सुटा तर झाला नाही ना, याची तिला भीती होती.

हा फरक किती खरा आहे, हे युटा राज्यातच घडलेल्या एका घटनेवरून दिसते. एप्रिल २००३ मध्ये अॅरन राल्स्टन हा २७ वर्षांचा तरुण ब्लूजॉन कॅनियन या अरुंद घळीत एकटाच उतरला. आपण कोठे जात आहोत हे त्याने कोणालाही सांगितले नव्हते. एक मोठा दगड निसटला आणि त्याचा उजवा हात दगड व कडा यांच्यामध्ये चिरडून अडकला. पाच दिवस तो तसाच होता. अखेर त्याने खिशातल्या हत्याराने स्वतःचा हात कापून सुटका करून घेतली. त्याच्यावर २०१० साली निघालेल्या चित्रपटाला आपल्या ए. आर. रहमान यांचे संगीत आहे, त्यामुळे ही कथा आपल्या तरुणांना ठाऊक असेल. त्याचे धैर्य मोठेच. पण त्याच्या शेजारी आणखी दोन गोष्टी ठेवून पाहू. घळीतून बाहेर पडल्यावर त्याला पहिल्यांदा भेटले ते सहलीला आलेले एक कुटुंब. त्यांनी त्याला पाणी दिले. आणि तो कामावर आला नाही म्हणून मित्र व आई यांनी शोध सुरू केला होता, त्यामुळेच हेलिकॉप्टर त्या भागात पोहोचले होते. तो स्वतःला सुटा समजून गेला होता, पण दोरीचे दुसरे टोक आईने सोडले नव्हते.

प्रत्येकाच्या बाबतीत असे घडत नाही. एव्हरेट रूस हा २० वर्षांचा चित्रकार मुलगा १९३४ साली दोन गाढवे घेऊन याच राज्यातील एस्कलांटे गावाजवळच्या दऱ्याखोऱ्यांत शिरला. त्याची गाढवे सापडली. त्याचा पत्ता आजवर लागलेला नाही.

त्या गावाचे नाव एका फ्रान्सिस्कन धर्मगुरूवरून पडले आहे. २९ जुलै १७७६ रोजी फादर दोमिंगेस आणि फादर एस्कलांटे काही सोबत्यांसह सांता फे येथून निघाले. त्यांना कॅलिफोर्नियातील माँटेरेपर्यंतची वाट शोधायची होती. ऑक्टोबरमध्ये बर्फ पडू लागले, अन्न संपत आले आणि पुढे जावे की परतावे यावर मतभेद झाला. दोघा धर्मगुरूंनी निर्णय इतरांवर लादला नाही. प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या, परतीचा कौल निघाला आणि सर्वांनी तो मानला. परतताना कोलोरॅडो नदीकडे उतरण्यासाठी त्यांनी जनावरांकरिता खडकात पायऱ्या खोदल्या. ती जागा आता लेक पॉवेल या जलाशयाखाली आहे. २ जानेवारी १७७७ रोजी ते सांता फेला पोहोचले. माँटेरे गाठता आले नाही, पण माणसे परत आली.

या प्रवासात त्यांना वाट दाखवणारे होते यूट जमातीचे लोक. ज्या भूमीला आज आपण एकाकी म्हणतो, ती यूट, शोशोनी, पायूट, नवाहो या लोकांची घरे आहेत. त्यांना ती कधी ओसाड वाटली नाही. आजही त्या रस्त्याने एकटा जाणारा माणूस पूर्णपणे एकटा नसतोच. डांबर कोणीतरी घातलेले असते, पेट्रोल कोणीतरी आणून ठेवलेले असते, रात्री मुक्कामाला कोणीतरी खोली झाडून ठेवलेली असते. आपण एकटे आहोत असे म्हणताना या हातांचा विसर पडला, तर एकांताचे रूपांतर कृतघ्नतेत व्हायला वेळ लागत नाही.

न्यू मेक्सिको राज्यात चामा नदीच्या खोऱ्यात १९६४ साली बेनेडिक्टीन संन्याशांनी ‘अरण्यातील ख्रिस्त’ या नावाचा मठ स्थापन केला. मुख्य रस्ता सोडून सुमारे २१ किलोमीटर कच्च्या वाटेने तिथे जावे लागते. इतक्या दूर का, तर शांततेसाठी. पण संत बेनेडिक्ट यांच्या नियमानुसार दारी आलेल्या पाहुण्याचे स्वागत प्रत्यक्ष ख्रिस्त समजून करायचे असते. संन्यासी आपल्या खोलीत एकटा असतो. घंटा झाली की तो उठतो आणि बंधूंबरोबर प्रार्थनेला उभा राहतो. तो एकटा आहे, पण सुटा नाही.

तेव्हा त्या आईला माझे उत्तर असे आहे. दहा दिवस एकट्याने फिरणे हे पाप नाही. कदाचित त्याला त्याची गरज होती. पण ती रजा कोणाच्या तरी वाटणीची होती, हे त्याला कळायला हवे. ते न कळणे हा दोष आहे. त्याने परत आल्यावर तुम्हाला फोन केला का? काय पाहिले ते सांगितले का? सांगितले असेल, तर त्या डोंगरांतले थोडे तुमच्याही घरी आले. सांगितले नसेल, तर तुम्ही विचारा. रागाने विचारू नका, ऐकण्याच्या इच्छेने विचारा.

आणि हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. आपल्या धर्मग्रामात अशा कित्येक आया आहेत, ज्यांना लग्नानंतर तास-दोन तासही स्वतःसाठी मिळालेले नाहीत. पहाटेच्या पाण्यापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत त्या कोणाच्या ना कोणाच्या हाकेला बांधलेल्या असतात. त्यांना एकांत हवा, असे आपल्या मनातही येत नाही. उलट काही घरांत असे वृद्ध आहेत, ज्यांनी एकटेपणा मागितलेला नाही. मुले गेली, जोडीदार गेला, दार दिवसभर लोटलेले असते. आज ते कोठे आहेत, जेवले की नाही, हे कोणालाच ठाऊक नसते. तो तरुण आपल्या मर्जीने रस्त्यावर गेला. या वृद्धांना मात्र आपण सुटे केले आहे. त्यांच्या बाबतीत संत बेसिल यांचा प्रश्न उलटा होतो: त्यांचे पाय कोण धुणार?

या आठवड्यात दोन गोष्टी करू या. आपल्या घरात ज्या व्यक्तीला कधीच मोकळा वेळ मिळत नाही, तिला एक संध्याकाळ मिळवून देऊ. तिची कामे इतरांनी वाटून घ्यावीत आणि तिला देवळात, बावखलाच्या काठी किंवा नुसते ओटीवर निवांत बसू द्यावे. आणि ज्या घराचे दार बरेच दिवस कोणी ठोठावलेले नाही, तिथे जाऊन घटकाभर बसू. परदेशी असलेल्या मुलामुलींना एवढेच कळवा, की कोठेही जा, पण कोठे जाता ते कोणालातरी सांगून जा.

अरण्यात एकट्याने प्रार्थना करणारा आणि रात्री शिष्यांच्या पायांशी वाकणारा प्रभू एकच आहे. तो आपणा सर्वांना दोन्ही गोष्टींची कृपा देवो.

आपला,
धर्मगुरू